दहावी आयसीएसई इंग्रजीचा क्लास, दादर पश्चिम

लेकीला लिटरेचरसाठी इथे घातलंय. मॅडम शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर' नाटक एकदम भारी शिकवतात, तिसऱ्या अंकात ब्रूटस गद्यात बोलतो नि अँटनी पद्यात, मग गर्दी कशी पलटते हे पोरांना उभं करून, मोठ्याने वाचायला लावून दाखवतात, गाईडला हातसुद्धा लावू देत नाहीत (आमच्या वेळी गाईड म्हणजेच देव होता). निबंधाची मात्र बोंब आहे. ३००-३५० शब्दांचा निबंध दर आठवड्याला लिहून घेतात, पण तपासून येतो तेव्हा खाली नुसतं 'गुड' आणि सही, मुद्दा कुठे भरकटला, शेवट का गडबडला, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर म्हणे बॅच मोठी आहे. फी घेताना बरी नाही आठवत बॅच! फक्त नाटकापुरतं यायचं असेल तर विचारून बघा, फी वेगळी सांगतात.