आजीचा पितळी सोऱ्या आणि बाजारातले नवे: चकली, शेव, कुरडईच्या कसोटीवर

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी माळ्यावरून जी भांडी खाली उतरतात, त्यांत सोऱ्या हमखास असतो. बऱ्याच घरांत तो आजीच्या वेळचा, पितळी, अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला. कुणाच्या लग्नात कुणी दिला, हेही कधी कधी त्यावर कोरलेलं सापडतं. हाच चालवायचा की नवा आणायचा, हा वाद दर वर्षी ठरलेला. निकाल आधीच सांगून टाकतो: चकलीसाठी जड, पितळी, फिरकीच्या सोऱ्याला अजून तोड नाही. शेवेला हलका स्टीलचा जास्त सोयीचा. आणि कुरडई करायची असेल तर पितळेच्या वाटेला न जाता लाकडी घ्यावा.

फिरकीच्या सोऱ्याचे भाग मोजके. पीठ भरायचं नळकांडं, तळाला चकती धरून ठेवणारं आट्यांचं कडं, वरचं झाकण, झाकणातून जाणारा आट्यांचा दांडा, दांड्याच्या टोकाला दट्ट्या आणि वर आडवी मूठ. दुकानदार चकत्यांची संख्या सांगून माल खपवतो. "पंधरा जाळ्या आहेत ताई!" त्यातल्या अकरा कधीच वापरल्या जात नाहीत. चकलीची चांदणी, बारीक शेव, जाड शेव आणि पापडीची लांब फट, एवढ्या चार नीट असल्या की झालं.

खरी पारख दट्ट्याची. दुकानातच तळाची चकती काढून दट्ट्या खाली आणा आणि सोऱ्या उजेडासमोर धरा. दट्ट्या आणि नळकांड्याची भिंत यांच्यात सगळीकडे सारखी, जेमतेम दिसेल न दिसेल एवढी फट हवी. एका बाजूला नख शिरत असेल तर तो सोऱ्या परत ठेवा. अशा सोऱ्यात पीठ खाली येण्याऐवजी दट्ट्याच्या वर चढतं, चार चकल्या झाल्या की झाकण उघडून ते खरवडावं लागतं, आणि दांड्याच्या आट्यांत शिरलं की मूठ फिरता फिरत नाही. दुसरं, दट्ट्या तळापर्यंत पोचतो का ते बघा. बोटभर आधीच थांबत असेल तर प्रत्येक भरण्याला तेवढं पीठ आत उरणार.

चकतीची जाडी अंगठ्याने दाबून कळते. पातळ पत्र्याची चकती घट्ट पिठाच्या जोराने मधोमध खाली फुगते, आणि एकदा फुगली की कड्यात नीट बसत नाही, कडेने पीठ गळतं. चांदणीची टोकं बोटाला टोचली पाहिजेत. चकलीचा काटा त्या टोकांवर पीठ किंचित अडून फाटल्यामुळे उभा राहतो. टोकं बोथट असली तर पिठाला नुसत्या गोल गोल कडा येतात आणि चकली कडबोळ्याच्या जातीची दिसते. वर्षानुवर्षं घासून आजीच्या चांदणीचं नेमकं हेच झालेलं असतं, दोष पिठाला दिला जातो.

तरी पुष्कळदा दोष पिठाचाच असतो, म्हणून सोऱ्याला नावं ठेवण्याआधी पीठ तपासावं. भाजणी 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धणे आणि 2 चमचे जिरे या मापाची धरू. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजलेलं. उकडीला वाटीभर भाजणीला साधारण वाटीभर पाणी, चमचाभर तेलाचं मोहन, तिखट, मीठ, हिंग, तीळ. पाणी उकळलं की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून झाकण ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मग पाण्याचा हात घेत लागेल तेवढंच पीठ मळायचं. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या घाण्यापर्यंत ते कोरडं पडतं.

आता लक्षणं. वेढे घालताना धागा तुटत असेल तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी पडलंय. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, सुटेल. चांदणी टोकदार असूनही काटा पडत नाही आणि चकली गुळगुळीत येते, तर पीठ सैल झालंय. त्यात थोडी कोरडी भाजणी मळा. कच्ची चकली छान दिसते पण तेलात पडताच विरघळते, तिथे मोहन जास्त झालंय. मोहन नसलेल्या पिठात ती चकली मोडून द्यावी, दुसरा इलाज नाही. कडक, दाताला न तुटणारी चकली म्हणजे मोहन कमी. तळताना कुरकुरीत आणि संध्याकाळी मऊ, हा सगळ्यात छळणारा प्रकार: तेल फार तापलेलं असल्याने वरून रंग आला आणि आत ओल राहिली. मध्यम आचेवर तळून बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय काढायची नाही. यातल्या एकाही गोष्टीत सोऱ्याचा संबंध नाही.

सोऱ्याचा संबंध येतो तो भरण्यात. आतून तेलाचं बोट फिरवून पिठाचा नळकांड्याच्या मापाचा एकच लांब गोळा करून सोडावा. छोटे छोटे गोळे कोंबले की मध्ये हवा अडकते आणि बरोबर तिसऱ्या वेढ्याला धागा तुटतो. नेहमीच्या मापाच्या, आतून 5 सेंटिमीटर रुंद सोऱ्यातून एका भरण्याला तीन वेढ्यांच्या आठ-दहा चकल्या पडतात. अर्धा किलो भाजणीला पाच-सहा वेळा भरावा लागतो. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या कापून त्यांचे चौकोन करून त्यावर चकल्या घालणं अजूनही सर्वांत सोपं, तेलात सोडताना उलटी करून अलगद सुटते. शेवटचं शेपूट शेजारच्या वेढ्याला दाबून चिकटवलं नाही तर चकली तेलात उलगडते.

आता पितळच का. पहिलं कारण वजन. जड सोऱ्या डाव्या हातात स्थिर राहतो, मूठ फिरवताना सोबत गरगरत नाही. दुसरं आणि मोठं कारण आटे. पितळेचे आटे एकमेकांवर गुळगुळीत चालतात. स्टीलवर स्टील जोरात दाबून फिरवलं की आटे एकमेकांना चावतात, आणि घट्ट भाजणीच्या पिठाला जोर तर लागतोच. त्यामुळे स्टीलचाच घ्यायचा असेल तर झाकणातली दांडा फिरण्याची जागा पितळेची आहे असा निवडा. अशी मिळते, फक्त विचारावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त आणि हलका, पण आटे लवकर झिजतात, मग दांडा नुसता फिरतो आणि दट्ट्या जागचा हलत नाही. बंदुकीसारखा घोडा दाबायचा जो प्रकार मिळतो तो बिस्किटाच्या मऊ पिठासाठी आहे. भाजणीच्या पिठाला त्याचे दात टिकत नाहीत. प्लास्टिकची मूठ असलेला कुठलाच घेऊ नये, ती मानेशी तुटते.

मुठीची लांबी मात्र लोक बघतच नाहीत. आडवी मूठ जितकी लांब तितका मनगटावर ताण कमी. घरात चकली घालण्याचा मान आजीचा असेल आणि तिची बोटं सांधेदुखीने आखडलेली असतील, तर चार बोटं दोन्ही बाजूंना मावतील एवढी मूठ हवी. जुन्या पितळी सोऱ्यांची मूठ बहुधा अशीच असते, नव्या सुबक दिसणाऱ्यांची आखूड. त्यातूनही मार्ग आहे: फिरवायचं काम नातवंडांकडे द्यावं आणि आजीने खालचा कागद फिरवून वेढे घालावेत. दोन माणसांनी केलेल्या चकल्या एकसारख्या येतात, कारण कुणालाच दोन कामं एकदम करावी लागत नाहीत.

शेवेचं गणित उलटं आहे. इथे सोऱ्या कढईवर, वाफेत, हवेत धरायचा असतो आणि किलोभर पितळ त्या अवस्थेत पेलणं ही शिक्षाच. शेवेचं पीठ मऊ असतं: तेल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पांढरट होईपर्यंत फेसायचं आणि त्यात मावेल तेवढं बेसन. त्यामुळे आट्यांवर ताण येत नाही आणि हलका स्टीलचा सोऱ्या पुरतो. बारीक चकतीत अख्खा ओवा कधी घालू नये, एक दाणा अडकला की तेवढं भोक बंद. ओवा वाटून, पाण्यात कालवून, गाळून घ्यावा. बेसनही चाळलेलं हवं.

कुरडईसाठी पितळ का नको, याची दोन कारणं. गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवले तरी चीक आंबूसच असतो, आणि आंबट पदार्थ पितळेत राहू देणं बरं नाही. दुसरं म्हणजे चीक गरम असतानाच घालावा लागतो. भांडंभर चिकाला भांडंभर पाणी घेऊन शिजवलेला चीक निवला की घट्ट होतो आणि तारा तुटतात. गरम चिकाने पितळी नळकांडं दोन मिनिटांत असं तापतं की फडक्यानेही धरवत नाही. लाकडी दाबाचा सोऱ्या तापत नाही, म्हणून उन्हाळी वाळवणाला तोच. कोकणात उकडीचे शिरवाळे करायलाही लाकडी साचाच वापरतात, तिथेही गोळे उकळत्या पाण्यातून थेट साच्यात जातात. लाकडी घेताना चिरा पाहाव्यात. वापरून झाल्यावर तो सावलीत वाळवायचा, कडक उन्हात ठेवला की तडकतो.

मग आजीचा सोऱ्या टाकायचा का? मुळीच नाही, पण दुरुस्ती कुठली होते आणि कुठली नाही, हे कळलं पाहिजे. हरवलेली किंवा बोथट चकती नवी मिळते. मात्र चकत्यांचं माप ठरलेलं नसतं, म्हणून सोऱ्या बरोबर घेऊनच जावं. नळकांड्याला पोचा पडलेला असेल तर तांबट तो आतून ठोकून काढून देतो. सैल दट्ट्याच्या जागी मापाचा नवा बसवता येतो. दांड्याचे आटे गेले असतील तर मात्र दांडा आणि झाकण दोन्ही बदलावं लागतं, आणि मग जुन्याचं काय उरतं तर नाव कोरलेलं नळकांडं. तेवढ्यासाठी खर्च करायचा का, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पुण्यात तुळशीबाग आणि कसब्यातली तांबट आळी, नाशिकचा भांडी बाजार, मुंबईत तांबाकाटा, इथे पितळी सोऱ्या मिळतो. पितळ वजनावर जातं, त्यामुळे आधी वजन विचारावं, मग भाव. ऑनलाइन घेण्यात अडचण एवढीच, की दट्ट्याची फट फोटोत दिसत नाही.

धुण्याबद्दल थोडं. पीठ ओलं असतानाच सगळे भाग सुटे करावेत. चकतीतलं पीठ टूथपिकने काढावं, सुईने नको, चांदणीची टोकं मोडतात. पितळ चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासून लगेच कोरडं पुसायचं, ओलं राहिलं तर आट्यांत हिरवा कळंक धरतो. ठेवताना तेल लावू नये, वर्षभरात ते चिकट होऊन खवट वास मारतं. तेल वापरण्याच्या दिवशी, दांड्यावर दोन थेंब. आणि चकत्या सोऱ्याच्या पोटातच, फडक्यात बांधून ठेवाव्यात. वेगळ्या डब्यात ठेवलेल्या चकत्या पुढच्या दिवाळीला सापडत नाहीत.