गोडोमध्ये जीयूटीनं टेस्ट लिहिणं: नवशिक्याचा वापरानंतरचा अनुभव
जीयूटी म्हंजे गोडो या गेम बनवायच्या इंजिनसाठीचं युनिट टेस्टचं (कोडचा एकेक तुकडा बरोबर चालते का ते तपासायचं) अ‍ॅडऑन, फुकट आहे. पऱ्हाटी टोबली तेव्हा टाकलं होतं, आता तूर निघून राहिली, एवढे महिने वापरल्यावर जरा सविस्तरच लिहितो.

माझा गेम शंकरपटाचा, म्हंजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा आहे. जोडी सुटते, टाइम लागतो, सगळ्यात कमी टाइमवाली पहिली. पटात सेकंदाच्या बारीकशा फरकानं नंबर जातो, तं गेमनं निकाल चुकीचा दाखवला का आमच्या गावचा एकही पोट्टा तो गेम पुन्हा उघडणार नाही. टेस्टची गरज मले तिथूनच वाटली.

सगळ्यात मोठा फरक पडला तो कोड मांडायच्या पद्धतीत. नंबर काढायचं, बैलाचा दम कमी-जास्त करायचं गणित आता मी साध्या स्क्रिप्टमध्ये वेगळं ठेवतो आणि सीन (पडद्यावर दिसते तो भाग) ते फक्त दाखवते, मंग टेस्टला ना बैल लागते ना मैदान, दोन टाइम द्या आणि पहिला कोण ते विचारा, झालं. नवीन शिकणाऱ्यानं बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच, काहून का सगळं प्लेअरच्या नोडमध्ये (सीन ज्या तुकड्यांनी बनते त्यातला एक) कोंबलं असलं तं टेस्ट लिहिणं खरंच जड जाते.

लिहायला सोपं आहे. फाइल गटटेस्ट क्लासवरून काढायची, फंक्शनचं नाव टेस्ट_ नं सुरू करायचं, आत असर्ट_ईक्यू, म्हंजे दोन किमती सारख्या आहेत का ते तपासणारं फंक्शन. पण टाइमसाठी ते वापरू नका, असर्ट_ऑलमोस्ट_ईक्यू वापरा, ते बारीकसा फरक चालवून घेते. गोडो फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालवते आणि तो ६० वा भाग ६० वेळा मिळवला तं उत्तर नेमकं १ येईलच असं नाही, कम्प्युटरमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीजही नेमकी ०.३ येत नाही. पटाच्या गेमले हे लय महत्त्वाचं, दोन जोड्या बरोबरीत आल्या का नाही हे याच्यावरच ठरते. तसंच बैल बिचकायचा चान्स रँडम ठेवला असलं तं टेस्टमध्ये सीड (रँडम आकडे ज्याच्यापासून सुरू होतात तो आकडा) पक्का करा, म्हंजे दरवेळी तेच आकडे येतात.

मले सगळ्यात आवडलं ते हेडलेस चालणं. विंडो उघडतच नाही, जुन्या लॅपटॉपवरही सगळ्या टेस्ट पटकन होतात, लाइट गेलेली असताना बॅटरीवर गेम पुन्हा पुन्हा खेळून पाहायची गरज राहत नाही. नेट फक्त डाउनलोडपुरतं लागते. मोकळे न केलेले नोडही ते ऑर्फन म्हणून दाखवते, अ‍ॅड_चाइल्ड_ऑटोफ्री वापरलं का टेस्टमधले नोड आपोआप मोकळे होतात.

खटकलं ते असं का डबल (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवायची नक्कल) आणि स्टब (त्या नक्कलेनं काय उत्तर द्यायचं ते ठरवणं) नवशिक्याले लवकर समजत नाही, डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे आणि त्यात हा भाग दोन-तीनदा वाचावा लागते. फिजिक्सच्या टेस्टमध्ये अवेट टाकून फ्रेमची वाट पाहावी लागते, त्या हळू चालतात, मी त्या मोजक्याच ठेवल्या. आणि जोडी पळताना जिवंत वाटते का, हे टेस्ट सांगत नाही, त्याच्यासाठी मी फोन पोट्ट्यांच्याच हातात देतो, ते तोंडावर सांगतात.

टाकताना व्हर्जन पाहून घ्या, गोडो ४ ले जीयूटी ९ वालं लागते, गोडो ३ वर असाल तं ७ वालं.