पाचवा खर्डा : प्रकल्पांवर चालणाऱ्या एका चार्टर शाळेतील तीन वर्षे

दक्षिण कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक चार्टर शाळेत माझी मुलगी सहावी ते आठवी अशी तीन वर्षे शिकली. या शाळेत तासाची घंटा होत नाही, पाठ्यपुस्तक क्वचितच उघडले जाते आणि वर्षाचा बहुतेक वेळ तीन-चार मोठ्या प्रकल्पांना दिलेला असतो. या भागात नव्याने आलेली मराठी कुटुंबे मला या शाळेविषयी वारंवार विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे. लिखाण आणि स्वतःच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी, या दोन बाबतींत शाळेने जे दिले ते मला अन्यत्र मिळाले नसते. गणितात मात्र आम्हाला घरी बरेच कष्ट घ्यावे लागले. पाचपैकी चार गुण मी मनापासून देते. पाचवा का देत नाही तेही पुढे येईल. काही त्रुटींबद्दल स्पष्ट लिहायचे असल्यामुळे आणि माझा धाकटा मुलगा अजून तिथेच शिकत असल्यामुळे शाळेचे नाव देत नाही.

चार्टर शाळा खासगी आहे असे समजून अनेक जण फीची चौकशी करतात. इथे फी नसते. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी तिचे थोडे साम्य आहे, कारण पैसा सरकारचा आणि कारभार एका स्वतंत्र संस्थेचा असतो. फरक असा की या संस्थेला ठरावीक मुदतीचा, साधारणपणे पाच वर्षांचा, करार मिळतो आणि मुले काय शिकली हे दाखवल्याशिवाय त्याचे नूतनीकरण होत नाही. असा कायदा सर्वप्रथम १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याचे अनुकरण केले. त्याआधी, १९८८ मध्ये, ही कल्पना जाहीरपणे मांडणाऱ्यांत अल्बर्ट शँकर हे शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते आणि शिक्षकांना वेगळ्या रीतीने शिकवून पाहण्याची मोकळीक मिळावी, हा त्यांचा हेतू होता. प्रवेशपरीक्षा नसते, अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढली जाते. आमचा क्रमांक प्रतीक्षायादीत होता आणि प्रवेश झाल्याचा निरोप शाळा सुरू होण्याच्या जेमतेम दहा दिवस आधी आला, इतकी तयारी मनाशी ठेवावी.

प्रकल्पांभोवती सगळी शाळा उभी करण्याचा या राज्यातला सर्वांत परिचित नमुना म्हणजे सॅन डिएगोची ‘हाय टेक हाय’. ती २००० मध्ये नौदलाच्या जुन्या प्रशिक्षण केंद्राच्या आवारात सुरू झाली. तिथे मुलांना हुशार आणि कच्ची अशा तुकड्यांत विभागत नाहीत, दोन-तीन विषयांचे शिक्षक मिळून एक प्रकल्प आखतात आणि शेवटी काम लोकांसमोर मांडले जाते. आमच्या शाळेची घडण पुष्कळशी याच पद्धतीची आहे. हे कागदावर वाचताना मला ते फार मोघम वाटले होते. पहिल्या वर्षी तर मुलगी घरी येऊन पुठ्ठे कापत बसलेली दिसे आणि हिचा अभ्यास नक्की कुठे चालला आहे, हा प्रश्न मी शिक्षकांना दोनदा विचारला होता.

त्याचे उत्तर मला सातवीतल्या पाण्याच्या प्रकल्पात मिळाले. ‘आपल्या नळाचे पाणी कुठून येते आणि आपण किती वापरतो’ हा प्रश्न घेऊन वर्ग अकरा आठवडे काम करत होता. विज्ञानाच्या शिक्षिकेने कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंट आणि डोंगर ओलांडून २४२ मैलांच्या जलवाहिनीने इकडे कसे येते, ते शिकवले. मुलांनी त्याचा चढउतार दाखवणारी प्रतिकृती बांधली. प्रत्येकाने घरचे पाण्याचे बिल आणले. त्यावरचे एक ‘युनिट’ म्हणजे शंभर घनफूट, अर्थात ७४८ गॅलन किंवा सुमारे २,८३० लिटर, हे मला इतकी वर्षे बिल भरूनही माहीत नव्हते. आमच्या चौघांच्या घरात साठ दिवसांत वीस युनिटे, म्हणजे माणशी रोज सुमारे २३६ लिटर पाणी लागते, हा हिशेब मुलीने स्वतः मांडला.

याच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या ठिकाणच्या माणसाची मुलाखत घेऊन एक परिच्छेद लिहायचा होता. तिने सोलापूरच्या आजींना फोन केला. उजनीसारखे मोठे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, हे आम्ही घरात सहज बोलत असू, पण तिने त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिले की आजीकडे पाणी फार कमी येते आणि तिला त्याचा त्रास होतो. तो खर्डा भिंतीवर लावला गेला आणि वर्गातल्या मुलांनी त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. अभिप्राय सौम्य असावा, नेमका असावा आणि लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडावा, असे तीन नियम या शाळेत पहिल्या दिवसापासून पाळले जातात. ‘छान आहे’ एवढीच चिठ्ठी चालत नाही. एका मुलाने विचारले होते, ‘कमी म्हणजे किती?’ दुसरीने विचारले होते, ‘पाणी येते त्या दिवशी आजी सकाळपासून काय काय करते?’

मुलीने पुन्हा फोन लावला. आजींनी मोजून सांगितले की दर चौथ्या दिवशी पाणी आले की दोनशे लिटरची दोन पिंपे आणि पंधरा-पंधरा लिटरचे दहा हंडे भरून ठेवायचे. चौथ्या दिवशी नळाजवळ कोणी तरी थांबायलाच हवे, म्हणून त्या दिवशी देवळात जाणेही होत नाही. साडेपाचशे लिटर, दोन माणसे आणि चार दिवस यांचा भागाकार करून माणशी रोज ६९ लिटर हा आकडा तिसऱ्या खर्ड्यात आला. चौथ्यात तो आमच्या २३६ च्या शेजारी ठेवला गेला. पाचव्या खर्ड्यात ‘तिला त्रास होतो’ हे वाक्य तिने आपणहून काढून टाकले, कारण आता ते सांगण्याची गरज उरली नव्हती. बारा वर्षांच्या मुलीला हा निर्णय घेता आला, याचे श्रेय मी त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांना आणि एकच परिच्छेद पाच वेळा लिहू देणाऱ्या शिक्षिकेला देते. मी सोलापूरला शिकले तेव्हा निबंध एकदाच लिहायचा, तपासून आला की त्यावरचे गुण पाहायचे आणि वही मिटायची, अशी रीत होती. निबंध पुन्हा लिहिता येतो हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

प्रकल्प संपला की संध्याकाळी प्रदर्शन भरते. पालक येतात, शेजारी येतात आणि विषयातले एखादे जाणते माणूसही बोलावलेले असते. पाण्याच्या प्रदर्शनाला पाणीपुरवठ्यात काम करणारे एक अभियंता आले होते. त्यांनी माझ्या मुलीला पंपाविषयी विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर तिला आले नाही. ‘हे मला माहीत नाही, मी शोधून तुम्हाला कळवीन’ असे तिने शांतपणे सांगितले आणि पुढच्या आठवड्यात शिक्षिकेमार्फत उत्तर पाठवले. याखेरीज वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाने आपण काय शिकलो आणि कुठे कमी पडलो, हे शिक्षक व पालकांसमोर पुराव्यासह मांडायचे असते. पालकसभेतही मूलच बोलते. आपल्या मुलाच्या तोंडून त्याच्या कच्च्या बाजू ऐकण्याची सवय व्हायला मला वेळ लागला, परंतु घरातली निकालाची भीती त्यामुळे गेली, हे नक्की.

आता गणिताविषयी. प्रकल्पात गणित भरपूर वापरले जाते, पण जेवढे लागते तेवढेच. पाण्याच्या प्रकल्पात एककांची रूपांतरे आणि सरासरी पक्की झाली. ऋण संख्यांवरच्या क्रिया आणि समीकरणे मात्र वर्षभर चाटून गेल्यासारखी झाली. सातवीच्या शेवटी साधे समीकरण सोडवताना ती चिन्हांत सतत चुकत असल्याचे माझ्या लक्षात आले. समज होती, पण हात बसलेला नव्हता. हात बसायला रोजचा सराव लागतो आणि त्या वर्षी शाळेच्या दिवसात त्याला निश्चित जागा नव्हती. त्यातच गणिताचे शिक्षक जानेवारीत नोकरी सोडून गेले आणि दोन महिने बदली शिक्षकांवर भागवले गेले. इतक्या मेहनतीचे प्रकल्प आखणाऱ्या शिक्षकांवर कामाचा ताण मोठा असतो, आणि अशा शाळेत एक शिक्षक गेला तर त्याच्याबरोबर त्याने आखलेले अर्धे वर्षही जाते, कारण पुढच्या माणसाच्या हाती द्यायला पुस्तक नसते.

आम्ही उन्हाळाभर रोज पाऊण तास तिच्याबरोबर बसलो आणि ती कमतरता भरून निघाली. मला बोचते ते वेगळेच आहे. तिच्या वर्गात अशी मुले होती ज्यांचे आईवडील दोन-दोन ठिकाणी काम करून रात्री घरी येत. सोडतीने सर्वांना दार उघडे ठेवणाऱ्या शाळेने घरच्या शिकवणीवर विसंबणे त्या मुलांवर अन्याय करणारे आहे, असे मी पालकसभेत बोलले आणि ते मांडणारी मी एकटी नव्हते. आठवीत शाळेने रोज चाळीस मिनिटे केवळ गणिताच्या सरावासाठी राखून ठेवली. तो बदल चांगला आहे आणि धाकट्याला त्याचा लाभ मिळत आहे. पाचवा गुण मी राखून ठेवला तो सातवीच्या त्या वर्षासाठी. बाकी, शाळेची बस नाही आणि मैदान लहान आहे. आम्ही तीन कुटुंबांनी आळीपाळीने गाडी काढून वाहतुकीचा प्रश्न सोडवला.

माझ्या अनुभवावरून ‘वेगळ्या पद्धतीची चार्टर शाळा चांगली’ असा सरसकट निष्कर्ष कोणी काढू नये. पूर्णपणे संगणकावर, घरबसल्या चालणाऱ्या चार्टर शाळाही स्वतःला वेगळ्या म्हणवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देशभरातील चार्टर शाळांची मुले तशाच सामान्य सरकारी शाळांतील मुलांपेक्षा वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे असल्याचे दिसले. परंतु त्याच अभ्यासात ऑनलाइन चार्टर शाळांची मुले वाचनात ५८ आणि गणितात तब्बल १२४ दिवसांनी मागे होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने नोकरीतील बदल्यांमुळे तशी शाळा निवडण्याचा विचार केला होता, त्यांना मी हेच आकडे दाखवले.

प्रवेशाचा विचार करत असाल तर प्रदर्शनाच्या संध्याकाळी शाळा पाहून ठरवू नका. त्या दिवशी सर्वच शाळा सुंदर दिसतात. साध्या मंगळवारी सकाळी भेटीची वेळ मागा. गणिताचा रोजचा सराव किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली होतो, हे विचारा. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हेही विचारा. प्रामाणिक शाळा उत्तर टाळत नाही. राज्याच्या परीक्षेतील शाळेचे निकाल सरकारी संकेतस्थळावर खुले असतात, ते सोबत घेऊन जा. आणि भिंतीवर एखादे देखणे काम दिसले तर त्याचा पहिला खर्डा दाखवायला सांगा. आमच्या शाळेत शिक्षिकेने लगेच कपाट उघडून मला एका मुलाचे सहा कागद टाचणी लावलेले दाखवले होते, आणि पहिला कागद खरोखरच फार वाईट होता.