लक्झरला सेतीचं थडगं 'बंद' होतं आणि आमचे २५४ डॉलर गेले

नोव्हेंबरात मी आणि बायको इजिप्तला गेलो होतो. लक्झरला एका वेबसाइटवरून गाईडसह दिवसभराची सहल घेतली. सकाळी व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांची दरी, दुपारी लक्झर म्युझियम, दोघांचे १७० डॉलर. साध्या तिकिटावर तीनच थडगी बघता येतात, सेती पहिला या राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तीन महिने वाचून गेलो होतो. अडाणी म्हणून फसलो असं कुणी समजू नये.

तिकीटखिडकीवर रोख चालत नाही, कार्डच लागतं. गाईड म्हणाला, "सर, इंडियन कार्ड इथे अडकतं. रोख मला द्या, मी काढतो. मॅडमना सावलीत बसवा." बायकोचे गुडघे दुखत होते. सेतीचे ९० आणि म्युझियमचे २४ डॉलर मी त्याच्या हातावर ठेवले. खिडकीपर्यंत स्वतः जा, मागे रांग कितीही असो. आपलं कार्ड चालतं, मी दुसऱ्या दिवशी कर्नाकच्या देवळात चालवून पाहिलं.

सेतीच्या दाराशी तो रखवालदाराशी अरबीत काहीतरी बोलला आणि आम्हाला म्हणाला, "आज बंद. काम चालू आहे." तिथली थडगी आलटूनपालटून बंद ठेवतात, हे मीच वाचलेलं. पण त्याच क्षणी चौघेजण पायऱ्या चढून बाहेर आले. घामाघूम, हातात मोबाइल, एकमेकांना फोटो दाखवत. मी डोळ्यांनी बघितलं! विचारलं तर म्हणे, "त्यांची खास परवानगी." आणि मी मान डोलावली. "आमची तिकिटं दाखव," एवढंच म्हणायचं होतं. बेल्झोनी या इटालियन संशोधकानं १८१७ साली शोधलेलं ते थडगं, त्यातलं नक्षत्रांचं छत, त्यासाठी मी आलो होतो. रात्री झोप लागत नाही ती या एका मिनिटामुळे.

दुपारी 'म्युझियम' म्हणून नेलं ते पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदाचं, दुकान. खरं म्युझियम नाईलच्या पूर्व काठावर आहे आणि आम्ही पश्चिम काठावरून नदी ओलांडलीच नव्हती! तेव्हाही कळलं नाही. चहा, "इंडिया? अमिताभ बच्चन!", आणि दोघांची नावं चित्रलिपीत लिहिलेला कागद १२० डॉलरला. घरी गुंडाळी उलगडताना तो तडकला. केळीच्या पानांचा होता. खरा पपायरस उजेडाकडे धरला की उभ्या-आडव्या पट्ट्या दिसतात. म्युझियममधली अहमोस राजाची ममी न बघताच परतलो, आणि निघताना त्या गाईडला २० डॉलर बक्षिशीही दिली.

आता तक्रारीचं ऐका. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत दीड तास बसवलं. पावती आहे? नाही. गाईडचा परवाना क्रमांक? टिपला नव्हता. (गळ्यातल्या कार्डाचा फोटो गाडीत बसायच्या आधी काढा.) मग म्हणे, अरबीत लिहून आणा. हॉटेलवाल्याकडून लिहून घेतलं, तर साहेब घरी गेलेले, उद्या या. आमची रेल्वे पहाटेची! दुसऱ्या एका कार्यालयात फोन केला, त्यांनी पुन्हा त्याच चौकीचा नंबर दिला. बँक म्हणते, रोख व्यवहारात आम्ही काही करू शकत नाही. साइटनं तर कमाल केली. सहल 'पूर्ण झाली' म्हणून परतावा नाही, आणि माझा अभिप्राय 'नियमात बसत नाही' म्हणून काढून टाकला. त्या गाईडचं पान अजून चालू आहे, ४.९ तारे.