लसीकरण: सक्ती की विश्वास?

सक्तीने आकडे लवकर वाढतात, हे खरं. फ्रान्सने २०१८ पासून बालकांसाठी ११ लसी बंधनकारक केल्या आणि प्रमाण वाढलं. पण इंग्लंडमध्ये १८५३च्या देवी-लसीच्या कायद्यानंतर दंड, जप्त्या सुरू झाल्या. १८८५ला लेस्टरमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ला सूट द्यावी लागली.

विश्वासाचा मार्ग संथ, नाजूकही. जपानने २०१३ला एचपीव्ही लसीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस) सक्रिय शिफारस थांबवली. लस मोफतच होती, तरी प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून १ टक्क्याखाली घसरलं.

माझा कौल तरीही विश्वासालाच. ‘ताप येईल का?’ या आईच्या प्रश्नाला ‘येऊ शकतो, दोन दिवसांत उतरतो’ असं खरं उत्तर मिळालं, की ती पुढच्या डोसला स्वतःहून येते. सक्ती साथीपुरतीच, तीही मुदत ठरवून.