पाटी, संमती की बंदी? प्रेक्षकांचे चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी कोणता कायदा बरा

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू जर्सीची एक वकील बाई मुलीच्या गर्ल स्काउट पथकासोबत न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ख्रिसमसचा शो बघायला गेली. मेटल डिटेक्टरमधून पुढे आली, तोच स्पीकरवर वर्णन ऐकू आलं: लांब काळे केस, राखाडी स्कार्फ. चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनी तिला हेरलं होतं. रक्षकांनी तिला बाहेर काढलं. नऊ वर्षांच्या लेकीने शो पाहिला, आई मात्र बाहेर थांबली. कारण काय, तर ती ज्या फर्ममध्ये नोकरीला होती, त्या फर्मचा हॉल चालवणाऱ्या कंपनीच्या एका रेस्टॉरंटवर दावा चालू होता. तिचा त्या दाव्याशी संबंधही नव्हता. मॅडिसन स्क्वेअर गार्डन एंटरटेनमेंट या कंपनीने अशा सुमारे ९० फर्मच्या वकिलांना प्रवेशबंदी केली होती.

याच कंपनीचं शिकागो थिएटरही आहे. तिथे मात्र हे कॅमेरे लावलेले नव्हते. कंपनी एकच, फरक कायद्याचा. म्हणून नियम कसा असावा हे ज्यांना ठरवायचंय, त्यांनी आधी ही दोन शहरं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

न्यूयॉर्क शहराचा २०२१ चा नियम पाटीवर भागवतो. दारावर सोप्या भाषेत सूचना लावा, चेहऱ्याची माहिती विकू नका, बस. पाटी नसेल तर ग्राहकाने आधी नोटीस द्यायची, मालकाला सुधारायला ३० दिवस, तरीही नाही लावली तर ५०० डॉलर. यात मालकाला काहीच बदलावं लागत नाही. तिकीट काढून, मुलांना घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाने पाटी वाचून करायचं काय? परत जायचं? या नियमाखाली मॅडिसन स्क्वेअर कंपनीवर लावलेला एक दावा फेडरल न्यायाधीशांनी २०२४ मध्ये फेटाळला: माहिती स्वतःच्या फायद्यासाठी वापरणं म्हणजे तिचा व्यापार नव्हे. वकिलांना त्यातल्या त्यात आधार वाटला तो १९४१ च्या एका जुन्या कायद्याचा. नाट्यसमीक्षकांना नाटकगृहाबाहेर ठेवू नये म्हणून तो केला होता! त्यात खेळाचे सामने येत नाहीत, त्यामुळे याच कंपनीच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियममधल्या बास्केटबॉलला तोही उपयोगाचा नाही.

शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयचा २००८ चा कायदा उलट्या बाजूने येतो. आधी लेखी कळवा, लेखी संमती घ्या, मगच चेहरा किंवा बोटाचा ठसा घ्या. हलगर्जी झाली तर १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं तर ५,०००, आणि दावा लावायचा हक्क थेट सामान्य माणसाला. सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन उद्यानात १४ वर्षांच्या मुलाचा अंगठ्याचा ठसा हंगामी पाससाठी घेतला. आईला कुणी विचारलं नव्हतं. प्रत्यक्ष नुकसान दाखवायची गरज नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. या कायद्याने खटल्यांचा पाऊस पडला, हा आक्षेप खरा आहे. २०२४ ची दुरुस्ती त्यासाठीच: त्याच माणसाचा तोच ठसा कितीदाही घेतला तरी भरपाई एकदाच.

तिसरा मार्ग ओरेगनमधल्या पोर्टलँडचा. जानेवारी २०२१ पासून लोकांसाठी खुल्या जागांत खाजगी मालकांना हे तंत्र वापरायला बंदी. सुटसुटीत आहे, पण दंगेखोराला अडवण्याची खरी गरज असेल तर तिलाही जागा उरत नाही. ती गरज खोटी नाही. डेन्मार्कमध्ये ब्राँडबी फुटबॉल क्लबला २०१९ मध्ये सरकारी परवानगी मिळाली ती बंदी घातलेले प्रेक्षक ओळखण्यापुरतीच. यादी कशासाठी आहे हे आधी बाहेरच्या कुणीतरी तपासलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. रेडिओ सिटीची यादी मालकाने स्वतःच्या रागातून केली होती.

माझं मत इलिनॉयच्या बाजूने आहे, सोबत डेन्मार्कसारखी परवानगी. संमती मात्र खरी हवी: नाही म्हणणाऱ्यासाठी साध्या तपासणीची रांग त्याच दारात असावी, नाहीतर सही ही दुसरी पाटीच झाली.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, पण चेहऱ्याला वेगळा, जास्त जपण्याचा दर्जा देत नाही. दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो सरकारी तिजोरीत जातो. दाराबाहेर थांबलेल्या आईच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही.