मेटोप्रोलॉल सक्सिनेटची गोळी : वडिलांच्या उपचारातील अनुभव

हृदयविकाराच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांना हृदयतज्ज्ञांनी जी औषधे लिहून दिली, त्यांत मेटोप्रोलॉल सक्सिनेटची ५० मिलिग्रॅमची गोळी आहे. ती रोज सकाळी नाश्त्यानंतर घेतली जाते आणि तिच्याविषयी माझे मत चांगले आहे. पूर्वी जिना चढताना त्यांच्या छातीत दाटून येत असे. आता ते सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सावकाश फेरी मारून येतात. अर्थात याचे सगळे श्रेय एका गोळीला देता येणार नाही, कारण सोबत इतर औषधे आहेत आणि शेंगाचटणी-पापडातल्या मिठावरही घरात लक्ष ठेवले जाते.

बीटा ब्लॉकर गटातील हे औषध अ‍ॅड्रिनलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाचा हृदयावरील परिणाम रोखते, त्यामुळे ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज कमी होते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रानोलॉल हे औषध विकसित करून या गटाचा पाया घातला आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वडिलांना थकवा जाणवला आणि हातपाय गार पडत. पुढे ते कमी झाले. नाडी मात्र आम्ही आजही रोज मोजतो आणि ती मिनिटाला ५०च्या खाली गेली तर लगेच कळवा, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.

खरी सावधगिरी खरेदीच्या वेळी लागते. आमच्या भागातील एका औषध दुकानात ‘काका, एकच औषध आहे’ असे सांगून सक्सिनेटऐवजी टार्ट्रेटची पट्टी देण्यात आली होती. नावात मेटोप्रोलॉल असले तरी टार्ट्रेटची साधी गोळी लवकर विरघळते आणि सहसा दिवसातून दोनदा घ्यावी लागते, तर सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडते. म्हणून पट्टीवरील पूर्ण नाव चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. सक्सिनेटची गोळी मधल्या रेघेवर अर्धी करता येते, परंतु ती चावून किंवा कुटून देऊ नये. जनऔषधी केंद्रात हेच औषध बरेच स्वस्त मिळते. मात्र तेथेही मूळ नाव आणि मात्रा तपासावी.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घाम आणि कमी पाणी यांमुळे या गोळीने आधीच उतरलेला रक्तदाब आणखी उतरून उठताना चक्कर येऊ शकते. वडील पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मगच उभे राहतात. पट्टी पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता आतल्या कपाटात ठेवतो. गोळी अचानक बंद केल्यास छातीत दुखणे उसळू शकते, क्वचित पुन्हा झटकाही येऊ शकतो, म्हणून पंढरपूरला किंवा लग्नकार्याला जाताना जादा पट्टी पिशवीत असतेच.

नुसता रक्तदाब असलेल्यांसाठी अलीकडे बहुधा इतर गटांच्या औषधांनी सुरुवात केली जाते. झटक्यानंतर, अंजायनामध्ये (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणे), हृदय अशक्त झाल्यास किंवा ठोके अनियमित असल्यास या गोळीचा उपयोग अधिक. दम्याच्या रुग्णांनी तो आजार आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, साखर उतरल्याची धडधड या गोळीमुळे झाकली जाते हे ध्यानात घेऊन घाम फुटताच साखर तपासावी.